पुरावा खरा, पण आला कुठून?

भिलाईहून मी पुन्हा आपल्यासमोर आलो आहे.

आजचा विषय कायद्याचा आहे आणि मी वकील नाही. सैन्यात असताना चौकशीच्या टेबलामागे अनेकदा बसलो, साक्षी लिहून घेतल्या, तेवढाच माझा या विषयाशी व्यवहारातला संबंध. बाकीचं निवृत्तीनंतर वाचलेलं. पण विषय आपल्या सगळ्यांच्या घरात शिरलेला आहे, म्हणून तो साध्या भाषेत मांडायचा प्रयत्न करतो.

प्रश्न दोन आहेत. पहिला: एखादा कागद किंवा रेकॉर्डिंग खरं आहे, पण ते मिळवलं वाकड्या वाटेनं. न्यायालयानं ते बघावं की फेकून द्यावं? दुसरा: खटला प्रत्यक्ष उभा राहण्याआधीच समोरच्या पक्षाच्या साक्षीदाराला शपथेवर बसवून विचारायची सोय असावी का? वरवर हे दोन वेगळे प्रश्न वाटतात. पण सरळ वाटेनं माहिती मिळत नसली की माणूस वाकड्या वाटेला लागतो, म्हणून ते एकमेकांत गुंतलेले आहेत. पेटंटच्या खटल्यांत तर ही गुंतागुंत सगळ्यांत स्पष्ट दिसते.

मुंबईचा एक टेलिफोन, १९६४

सुरुवात मुंबईपासून करू. १९६४च्या मे महिन्यात एका रुग्णावर खासगी नर्सिंग होममध्ये शस्त्रक्रिया झाली. नंतर त्याला बॉम्बे हॉस्पिटलमध्ये हलवलं आणि तिथं १३ मे रोजी तो वारला. तेव्हा मुंबईत कोरोनर नावाचं पद होतं. संशयास्पद मृत्यूची चौकशी करून कारण ठरवणं हे त्याचं काम. त्या पदावर होते आर. एम. मलकानी. चौकशीत शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरवर ठपका येऊ नये यासाठी त्यांनी पैसे मागितले, असा आरोप झाला. आकडा आधी २०,००० रुपयांचा होता, मग १०,०००वर आला.

प्रकरण पोलिसांकडे गेलं. ७ ऑक्टोबर १९६४ रोजी पोलिसांनी एका डॉक्टरच्या फोनला, त्याच्या संमतीनं, टेपरेकॉर्डर जोडला आणि मलकानींशी झालेलं बोलणं टिपून घेतलं. मलकानींना अर्थातच याचा पत्ता नव्हता.

बचाव पक्षाचं म्हणणं असं, की चोरून ऐकणं हाच १८८५च्या तार कायद्याच्या कलम २५चा भंग आहे. गुन्हा करून मिळवलेला पुरावा न्यायालय कसा स्वीकारणार? शिवाय राज्यघटनेचं कलम २०(३) कोणालाही स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला लावू देत नाही.

२२ सप्टेंबर १९७२ रोजी सर्वोच्च न्यायालयानं 'आर. एम. मलकानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या खटल्यात निकाल दिला. ज्याचा फोन आहे त्याच्याच संमतीनं यंत्र जोडलं, म्हणून तार कायदा मोडला नाही. मलकानी आपणहून बोलले, त्यांच्यावर जबरदस्ती नव्हती. आणि पुढचं वाक्य महत्त्वाचं, त्याचा आशय सांगतो: समजा पुरावा बेकायदा मिळवला असता, तरी तो संबंधित आणि अस्सल असेल तर चालला असता. दोष सिद्ध राहिला.

मात्र न्यायालयानं अटीही घातल्या. आवाज कोणाचा हे पटलं पाहिजे. बोलणं खटल्याशी संबंधित पाहिजे. टेपमधलं काही पुसलेलं किंवा बदललेलं नाही हे सिद्ध झालं पाहिजे. म्हणजे 'आणलं कसं' हा प्रश्न मागे पडला आणि 'आहे ते अस्सल आहे का' हा पुढे आला. आपला कायदा कोणत्या बाजूला झुकतो, ते या एका निकालात दिसतं.

हा नियम आला कुठून

हा नियम मुंबईत जन्मला नाही. १८६१ साली इंग्लंडमध्ये लेदम खटल्यात न्यायमूर्ती क्रॉम्प्टन यांनी सांगून ठेवलं होतं, की पुरावा चोरून आणला तरी तो चालेल. त्यानंतर अकरा वर्षांनी, १८७२ साली, जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी आपल्याला भारतीय पुरावा कायदा लिहून दिला. त्याचा पाया एकच: पुरावा संबंधित आहे का? ते रचनेचं तत्त्व १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही तसंच राहिलं आहे.

या नियमाची कडू बाजू बघायची तर केनियात जावं लागतं. तिथं आणीबाणी होती. झडती घ्यायचा अधिकार असिस्टंट इन्स्पेक्टर आणि त्यावरच्या हुद्द्याच्या अधिकाऱ्यालाच होता. कुरुमा नावाच्या माणसाची झडती मात्र त्याखालच्या शिपायांनी घेतली आणि दोन काडतुसं सापडल्याचं सांगितलं. त्या काळात त्याची शिक्षा फाशी होती, आणि ती झाली. १९५४च्या डिसेंबरमध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनं अपील फेटाळलं. झडती कोणी घेतली याला महत्त्व नाही, काडतुसं संबंधित आहेत, एवढं पुरेसं ठरलं. नियमाची धार आरोपीवर अन्यायकारक होत असेल तर न्यायाधीश पुरावा नाकारू शकतो, अशी एक फट तेवढी ठेवली.

मी फौजी माणूस आहे. दारूगोळ्याचा हिशेब आयुष्यभर ठेवला. दोन काडतुसं कोणाच्या खिशात होती आणि कोणी काढली, हा प्रश्न मला कधीच गौण वाटला नाही. झडतीचा नियम हुद्द्याचा मान राखायला केलेला नसतो. खिशात नसलेली वस्तू खिशातून निघू नये म्हणून जबाबदार अधिकारी लागतो. नियम मोडला की पुराव्याच्या अस्सलपणावरच शंका येते. 'कसा आणला' आणि 'खरा आहे का' हे प्रश्न वाटतात तितके वेगळे नाहीत.

अमेरिकेनं दुसरी वाट धरली. १९१४च्या वीक्स खटल्यात आणि १९६१च्या मॅप खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं, की पोलिसांनी घटना मोडून मिळवलेला पुरावा फौजदारी खटल्यात वापरता येणार नाही. आपल्याकडे १९७३ साली पूरनमल खटल्यात पाच न्यायाधीशांच्या पीठानं हा मार्ग नाकारला. आपल्या घटनेत झडतीविरुद्ध तशी स्वतंत्र तरतूद नाही, हे त्याचं मुख्य कारण.

पण अमेरिकेची ती ढाल सरकारविरुद्ध आहे. दोन खासगी कंपन्या भांडत असतील आणि एकीनं दुसरीचे कागद पळवले असतील, तर काय? इथं पेटंटचा विषय येतो.

भट्टीच्या आत काय घातलं

भिलाईकरांना हे समजावून सांगायला नको. आपल्या कारखान्यातला रेल्वेचा रूळ हातात घेऊन कितीही निरखला, तरी तो बनवताना आत काय काय केलं ते सगळं कळत नाही. वस्तू बाजारात असते, पद्धत कारखान्याच्या फाटकाआड. पद्धतीचं पेटंट असलेल्या माणसाची अडचण नेमकी हीच. समोरच्यानं आपलीच पद्धत वापरली हे सिद्ध करायचं, आणि पुरावा मात्र समोरच्याच्या भिंतीआड.

मुंबई उच्च न्यायालयातला होएक्स्ट विरुद्ध युनिकेम हा खटला औषध उद्योगात अजून आठवला जातो. मधुमेहावरच्या टोलब्युटामाइड या गोळीच्या पद्धतीचं पेटंट होएक्स्ट या जर्मन कंपनीकडे होतं. युनिकेम ही मुंबईची कंपनी हे औषध परळच्या हाफकिन संस्थेत शोधलेल्या पद्धतीनं बनवत होती. १९६८ साली निकाल होएक्स्टच्या बाजूनं लागला. तिथं युनिकेमनं आपली पद्धत कोणती ते उघड सांगितलं होतं. वाद होता तो ती होएक्स्टच्या पेटंटच्या कक्षेत येते का यावर. पुढे १९७०चा पेटंट कायदा झाला, २० एप्रिल १९७२ पासून लागू झाला, आणि औषधांना फक्त पद्धतीचंच पेटंट मिळू लागलं. २००५ पर्यंत हीच स्थिती होती.

पण समोरच्यानं पद्धत सांगितलीच नाही तर? मग मोह होतो. त्याच्या कामगाराला चार पैसे द्यावेत, त्याच्या इंजिनीअरला फोडावं, रात्री फाइलचे फोटो काढून आणावेत. हा मोह तोडायला २००२च्या दुरुस्तीनं पेटंट कायद्यात कलम १०४अ आलं. वस्तू हुबेहूब तीच असेल आणि नेहमीचे प्रयत्न करूनही समोरची पद्धत कळली नसेल, तर न्यायालय सांगू शकतं: आता तूच सिद्ध कर की तुझी पद्धत वेगळी आहे. आणि तसं करताना त्याची धंद्यातली गुपितं विनाकारण उघडी पाडायची नाहीत, हेही त्याच कलमात आहे.

मला हे कलम फार शहाणपणाचं वाटतं. चोरी करू नका असं नुसतं सांगून भागत नाही. सरळ वाट बांधून द्यावी लागते.

सात तासांची उलटतपासणी

अमेरिकेनं ही सरळ वाट फार रुंद बांधली. तिथं पेटंटचे खटले फक्त संघीय न्यायालयांत चालतात, आणि त्यांना १९३८ पासून दिवाणी प्रक्रियेचे संघीय नियम लागू आहेत. त्यातल्या तिसाव्या नियमात डिपॉझिशन आहे. सुनावणीच्या कितीतरी आधी एका पक्षाचा वकील समोरच्या पक्षाच्या माणसाला बोलावतो. जागा बहुधा वकिलाचं कार्यालय. शपथ दिली जाते, शब्दन् शब्द नोंदला जातो, बहुतेक वेळा व्हिडिओही घेतात. न्यायाधीश हजर नसतो. परवानगी न घेता एका पक्षाला दहा साक्षीदार, आणि प्रत्येकाला एक दिवस, जास्तीत जास्त सात तास. साक्षीदाराच्या वकिलानं हरकत घेतली तर ती नोंदतात, पण साक्षीदारानं उत्तर द्यायचंच. वकील आणि अशिलाचं गोपनीय बोलणं वगैरे मोजक्या कारणांसाठीच उत्तर थांबवता येतं.

आणि कोणी कागद पळवून आणले तर? तिथला न्यायाधीश फौजदारी खटल्यातला नियम सहसा लावत नाही. तो आपल्या अधिकारात शिक्षा करतो. तो पुरावा वापरू देत नाही, दंड लावतो, वकिलाला दूर करतो. उलट बाजूनं, दाखवायचा कागद दडवला तरी हीच गत.

वेमो विरुद्ध उबर हा खटला त्याचं चांगलं उदाहरण. २३ फेब्रुवारी २०१७ रोजी गूगलच्या घरातल्या वेमो कंपनीनं पेटंट आणि व्यापारी गुपितं या दोन्हींवर दावा लावला. माजी इंजिनीअरनं जाताना १४,०००हून जास्त फाइल उतरवून घेतल्याचा आरोप होता. वेमोला पहिला सुगावा लागला तो एका पुरवठादाराचा ईमेल चुकून तिच्याकडे आला म्हणून. त्या इंजिनीअरनं घटनेचा आधार घेऊन उत्तरं द्यायला नकार दिला. सुनावणी तोंडावर आली असताना उबरनं एक महत्त्वाचं पत्र आधी दाखवलं नव्हतं हे उघड झालं, आणि न्यायाधीशांनी सुनावणीच पुढे ढकलली. पेटंटचे बहुतेक मुद्दे वाटेत गळाले. फेब्रुवारी २०१८ मध्ये सुनावणी सुरू झाली आणि पाचव्या दिवशी तडजोड झाली.

या पद्धतीचा खर्च प्रचंड आहे. लहान उद्योजक त्यातच दमतो. पण सुनावणीच्या दिवशी कोणी कोणाला चकित करत नाही, हा तिचा गुण मान्य करावा लागतो.

आपली वाट

आपल्याकडे या अर्थानं डिपॉझिशन नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेत लेखी प्रश्नावली आहे, कागद दाखवण्याचे आदेश आहेत, आजारी किंवा दूरच्या साक्षीदारासाठी कमिशन आहे. २००२ पासून सरतपासणी प्रतिज्ञापत्रावर होते आणि उलटतपासणी न्यायालयानं नेमलेला कमिशनरही घेऊ शकतो. हरकती नोंदल्या जातात, निर्णय पुढे न्यायालय देतं. २०१५च्या व्यावसायिक न्यायालय कायद्यानं आणखी एक पाऊल टाकलं: आपल्या ताब्यातले संबंधित कागद, स्वतःविरुद्ध जाणारे असले तरी, सुरुवातीलाच उघड करायचे.

अंतराची अडचणही सुटली, आणि तीही महाराष्ट्रातल्याच खटल्यात. 'महाराष्ट्र राज्य विरुद्ध प्रफुल्ल देसाई' या प्रकरणात न्यूयॉर्कचे एक डॉक्टर साक्ष द्यायला तयार होते, पण भारतात यायला नाही. १ एप्रिल २००३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं व्हिडिओवरून साक्ष घ्यायला परवानगी दिली. समोर पडद्यावर दिसणं म्हणजे हजर असणंच, असं मानलं. २०१३ मध्ये त्या खटल्यातले डॉक्टर फौजदारी आरोपातून मुक्त झाले, पण साक्षीचा नियम कायम राहिला. कोरोनाच्या काळात तो देशभर कामी आला.

अडचण उरली ती वेळेची. आकुर्डीच्या बजाज ऑटोनं मोटारसायकलच्या दोन स्पार्क प्लगच्या इंजिनाच्या पेटंटवरून टीव्हीएसशी मद्रास उच्च न्यायालयात भांडण मांडलं. फेब्रुवारी २००८ मध्ये मनाई हुकूम मिळाला, मे २००९ मध्ये तो उठला. १६ सप्टेंबर २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयानं बजावलं, की अशी प्रकरणं रोजच्या रोज चालवा आणि हा दावा ३० नोव्हेंबरपर्यंत निकाली काढा. शेवटी वाद मिटला तो २०१९ साली, दोन कंपन्यांच्या समझोत्यानं. दहा वर्षांत मोटारसायकलच्या किती पिढ्या बदलल्या, ते तुम्हीच मोजा.

सैन्याचा एक नियम

इथं मला सैन्याचे १९५४चे नियम आठवतात. कोर्ट मार्शलच्या आधी आमच्याकडे 'समरी ऑफ एव्हिडन्स' होते. साक्षीदार आरोपीच्या समोर बोलतो. आरोपी त्याला उलट प्रश्न विचारू शकतो आणि ते प्रश्नोत्तर लिहून घ्यावं लागतं. खटला भरायचा की नाही, ते त्यानंतर ठरतं. त्याआधीच्या कोर्ट ऑफ इन्क्वायरीत नियम १८० सांगतो, की कोणाच्या चारित्र्यावर किंवा लष्करी प्रतिष्ठेवर बोट येणार असेल तर त्याला पूर्ण वेळ हजर राहू द्या आणि उलट प्रश्न विचारू द्या. आणि नियम १८२ सांगतो, की त्या चौकशीत त्यानं जे सांगितलं ते पुढे त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरायचं नाही. खोटी साक्ष दिल्याचा खटला असेल तर गोष्ट वेगळी.

तरुण अधिकाऱ्यांना हे नियम काम लांबवणारे वाटतात. पण त्यांच्यामागचा हिशेब पक्का आहे. चौकशीत सत्य कळायला हवं असेल तर माणूस मोकळेपणी बोलला पाहिजे. आणि ज्याच्यावर ठपका येणार त्याला पुरावा तपासायची संधी शेवटी द्यायची नसते, सुरुवातीला द्यायची असते. महिने उलटल्यावर साक्षीदाराची आठवण बदलते, कागद हरवतो, माणूस बदलीवर जातो.

आता प्रत्येकाच्या खिशात टेपरेकॉर्डर

मलकानींच्या वेळी यंत्र जोडायला पोलीस लागत होते. आज प्रत्येक मोबाइलमध्ये ती सोय आहे. म्हणून जुना प्रश्न नव्यानं उभा राहिला आहे, आणि न्यायालयंही एका सुरात बोलत नाहीत.

२०१७ साली पुट्टस्वामी खटल्यात खासगीपण हा मूलभूत हक्क ठरला. २२ ऑक्टोबर २०१९ रोजी मुंबई उच्च न्यायालयानं एका लाचखोरीच्या प्रकरणात फोन ऐकण्याचे तीन सरकारी आदेश बेकायदा ठरवले आणि ती रेकॉर्डिंग नष्ट करायला सांगितलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये बिलासपूरच्या आपल्या छत्तीसगढ उच्च न्यायालयानं महासमुंदच्या एका कौटुंबिक वादात सांगितलं, की पत्नीचं बोलणं तिच्या नकळत टिपणं हा खासगीपणाचा भंग आहे. मग १४ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं वैवाहिक वादात असं रेकॉर्डिंग चालेल, असा निकाल दिला. १९७२चा विचार पुन्हा वर आला.

दुसरीकडे, पुरावा तपासण्याची अट मात्र कडक होत गेली. जालन्याच्या २०१४च्या विधानसभा निवडणुकीत फरक २९६ मतांचा होता, आणि उमेदवारी अर्ज वेळेत भरला का हे व्हिडिओ चित्रणावर ठरायचं होतं. त्या खोतकर विरुद्ध गोरंट्याल खटल्यात १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं, की इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रतीसोबत कायद्यानं सांगितलेलं प्रमाणपत्र लागतंच. नव्या कायद्यात तर फाइलचा हॅश, म्हणजे तिचा अंगठाच म्हणा ना, तोही नोंदवावा लागतो.

हे सगळं एकत्र ठेवून बघा. 'कुठून आणलं' हे आपलं न्यायालय दारातच फारसं विचारत नाही. दीडशे वर्षांची ती परंपरा एका निकालानं बदलेल असं मला वाटत नाही. मग आपल्या हातात बचाव उरतो तो आतल्या खोलीतला: पुरावा तपासण्याची संधी. ती लवकर मिळाली पाहिजे, शपथेवर मिळाली पाहिजे, समोरासमोर मिळाली पाहिजे. ज्या देशाची न्यायालयं आलेला पुरावा सहज आत घेतात, त्या देशात उलटतपासणी दहा वर्षं लांबणं परवडत नाही. म्हणून माझं मत असं, की निदान पेटंटच्या आणि मोठ्या व्यापारी दाव्यांत सुनावणीआधीची शपथेवरची विचारणा आपण मर्यादित स्वरूपात आणावी. साक्षीदार मोजके, तास ठरलेले, कमिशनर न्यायालयाचा, आणि गुपितांना कलम १०४असारखं संरक्षण. अमेरिकेचा खर्च टाळून तिची शिस्त घेता येईल.

आणि घरच्यांसाठी एक सूचना. कोणी तुमच्यासमोर मोबाइल धरून 'हे बघा रेकॉर्डिंग' म्हणालं, तर निकाल देण्याआधी तीन गोष्टी विचारा. संपूर्ण बोलणं आहे की तुकडा? मूळ फोन कुठे आहे? आणि ज्याचा आवाज आहे, त्याला कोणी विचारलं का?

तुमची मतं जरूर कळवा, विरोधी असली तरी. पुढच्या भागात भेटू. नमस्कार.